धुतलेले धागे

मी पुण्याला निघाले त्या सकाळी आई कापसाच्या जिनिंगमधून तशीच आमच्या जाम गावच्या चौकात आली. डोक्यावरची कापडी टोपी काढायचंही तिच्या लक्षात आलं नव्हतं. मुकादमाने अर्ध्या तासाची सूट दिली होती आणि त्यातली दहा मिनिटं चालण्यातच गेली होती. तिच्या भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर कापसाची बारीक लव बसली होती. बाबांनी शाळेची व्हॅन चहाच्या हॉटेलाजवळ लावली, माझी बॅग उतरवली आणि वर्ध्याची एसटी येईपर्यंत ते व्हॅनचे टायर तपासत राहिले. टायरांना काहीही झालेलं नव्हतं.

प्रवेशाच्या फेऱ्या त्या वर्षी लांबत गेल्या, म्हणून मी निघाले तेव्हा कापसाचा हंगाम सुरू झाला होता. चौकात कापसाने फुगलेल्या गाड्या उभ्या होत्या. हैदराबादकडे जाणारे ट्रक हॉर्न वाजवत होते. जामला माणसं उतरतात ती बहुतेक दुसरीकडे जाण्यासाठी. पुढच्या गाडीची वाट पाहत उभ्या असलेल्या अशा लोकांकडे मी लहानपणापासून बघत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांच्यात होते.

आई फारसं बोलली नाही. आमच्या घरात तशी सवयच नाही. एसटी वळणावर दिसली तेव्हा ती म्हणाली, "बोलत जाजो वं तिथं. चूप राह्यली का लोकायले वाटते, हिले काही येतच नाई." मग तिचं लक्ष माझ्या बाहीकडे गेलं. नव्या कुर्त्याच्या शिवणीतून एक लाल धागा बाहेर आला होता. तिने तो दोन बोटांनी ओढून तोडला आणि कमरेला बांधलेल्या पिशवीत टाकला. मी गाडीत चढले. खिडकीतून पाहिलं तेव्हा ती जिनिंगच्या दिशेने भराभर निघाली होती. बाबा मात्र अजून टायरजवळच उभे होते.

ती पिशवी काय होती, ते सांगायला हवं.

शेतातून आलेला कापूस सरकीपासून वेगळा करण्याआधी एका लांब पट्ट्यावरून सरकत जातो. आमच्या जिनिंगमध्ये त्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना बावीस बाया उभ्या राहायच्या. त्या कापसातून कापूस नसलेलं सगळं उचलायच्या. पोत्याची सुतळी, खताच्या थैलीचा निळा धागा, गुटख्याची पुडी, कोंबडीचं पीस, वेचणाऱ्या बाईच्या साडीचा फाटका काठ, तिचा केस. यातलं काहीही राहिलं तर ते सुतात जातं, सुतातून कापडात, आणि कापड रंगवलं की डाग होऊन दिसतं. टोपी असायची ती आपलाच केस पडू नये म्हणून. आणि उचललेलं जमिनीवर टाकायचं नसे, कारण जमिनीवरचं वाऱ्याने पुन्हा पट्ट्यावर येतं. म्हणून प्रत्येकीच्या कमरेला एक पिशवी. कामाची पाळी संपली की ती मुकादमासमोर रिकामी करायची. आईला ही सवय इतकी लागली होती की घरीसुद्धा ती धागा खाली टाकू शकत नसे. माझ्या गणवेशाचे, चादरीचे, टॉवेलचे सुटलेले धागे ती फळीवरच्या एका डब्यात ठेवायची.

पट्ट्यावर तिच्या समोर मंदाकाकू उभी राहायची. आमच्या दोन घरांच्या मधली भिंत एकच. मी लहान असताना आई पाळीवर गेली की मी मंदाकाकूकडे असायची. तेव्हा ती निंदणाला, शेतातलं तण काढायला जायची आणि मलाही शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसवून ठेवायची. पुढे तिची कंबर गेली. वाकता येईना. ज्या बाईला वाकता येत नाही तिला आमच्याकडच्या शेतात काम नाही. जिनिंगमध्ये उभ्याने काम असतं, म्हणून आईने शब्द टाकून तिला तिथे लावलं. ती पट्ट्यावर आल्यापासून सगळ्या बाया जरा जास्त हसायला लागल्या, असं आई सांगायची. मंदाकाकू मला 'मॅडम' म्हणायची. "काय वं मॅडम, इंग्रजीत भूक लागते का तुले?"

शाळा इंग्रजी माध्यमाची. बाबा त्याच शाळेची व्हॅन चालवायचे म्हणून मला तिथे जागा मिळाली. मुलं त्यांना 'व्हॅन अंकल' म्हणायची. शाळेच्या आवारात मी त्यांना बाबा म्हणत नसे. अंकल तर म्हणणं शक्यच नव्हतं, म्हणून मी काहीच म्हणत नसे. शाळेत मराठी बोललं की डायरीत शेरा मिळायचा, आणि गल्लीत इंग्रजी बोललं की हसं व्हायचं. मी दोन्हीकडे गप्प राहायला शिकले. गप्प माणसाला दुसरं काही करता येत नाही, तेव्हा ते बघत राहतं. मी फार बघायचे.

पुण्याचं पहिलं वर्ष मला आवाजांमधून आठवतं. वर्गात इंग्रजी, कॉरिडॉरमध्ये हिंदी, मेसमध्ये एक वेगळी, घासून गुळगुळीत केलेली मराठी. दुसऱ्याच आठवड्यात मी मेसच्या मावशींना "मले भात नाई पाह्यजे" म्हटलं आणि टेबलावरच्या मुली हसल्या. वाईट हेतूने नव्हे. पण त्यानंतर मी 'मला' म्हणायला लागले, आणि त्याहून जास्त म्हणजे काहीच न म्हणायला लागले. फोनवर आई विचारायची, "बोलतं ना वं तिथं?" मी म्हणायची, "हाव, बोलतो ना." जी मुलं गाव सोडून गेली आहेत त्यांना हे उत्तर ओळखीचं असेल. आपण जेवलो का, झोपलो का, बोलतो का, याची उत्तरं आपल्याकडे आधीच तयार असतात.

मी शिकत होते ऑटोमेटेड मॅन्युफॅक्चरिंग, म्हणजे माणसाचा हात न लागता वस्तू तयार करणारी यंत्रं कशी बनवायची, कशी चालवायची. पहिली दोन वर्षं सगळ्यांना सारखीच. हवेच्या दाबावर पुढेमागे होणारे दांडे, प्रोग्रॅमवर चालणारी लेथ, एका जागेवरची वस्तू उचलून दुसऱ्या जागी ठेवणारा यांत्रिक हात. मला ती प्रयोगशाळा आवडायची. तिथे कोणी बोलायला लावत नसे.

तिसऱ्या वर्षी एक फॉर्म आला. त्यात विषयांची लांब यादी होती. त्यातून आपल्याला हवे ते निवडायचे, आपल्या अभ्यासाची दिशा आपणच जुळवायची आणि वरच्या रिकाम्या ओळीत तिला नाव द्यायचं. मुलांनी अर्ध्या तासात फॉर्म भरले. मी तो आठवडाभर घेऊन फिरले. काय हवं, असं मला त्याआधी कोणी लेखी विचारलं नव्हतं. बाबा फोनवर म्हणाले, "मशीन दुरुस्तीचं घे ना. बुटीबोरीच्या कारखान्यात लागली तर रोज घरून जानंयेनं होते." ते बरोबरच होतं. त्या फॉर्ममध्ये घरी परतायचा रस्ता होता आणि त्यांनी तो मला बोट ठेवून दाखवला होता. मी "बघतो" म्हटलं.

आणि मी लिहिलं: कॅमेऱ्याने बघून निवडणारी यंत्रं.

आमच्या सरांनी मला बोलावून विचारलं, हेच का? मी सहसा अशा प्रश्नांना खांदे उडवते. त्या दिवशी मला काय झालं माहीत नाही, मी बोलायला लागले. कापसाबद्दल बोलले. पट्टा, टोप्या, पिशव्या, निळा धागा, पांढरा केस. एक धागा पुढे काय करतो ते सांगितलं. बोलता बोलता माझं इंग्रजी मागे पडलं, मराठीही त्या गुळगुळीत मराठीसारखी राहिली नाही, आणि सर मध्ये एकदाही हसले नाहीत. शेवटी म्हणाले, "हे तुला कुणी शिकवलं?" मी म्हटलं, माझी आई हेच काम करते. ते म्हणाले, "मग तुझा प्रोजेक्ट ठरला." मी खोलीवर आले तेव्हा मला वाटलं, आज आईचं ऐकलं. आज बोलले.

त्या बावीस बायांचा विचार तेव्हा आला नाही, असं मी म्हणू शकले असते. पण तो आला होता. आला आणि मी स्वतःला सांगितलं की हा कॉलेजचा प्रोजेक्ट आहे, खोक्यात राहील.

कॅमेऱ्याला शिकवायचं म्हणजे त्याला हजारो फोटो दाखवायचे: हा कापूस, हा कापूस नाही. त्यासाठी खरा कचरा हवा होता. मी घरी फोन केला.

"आई, तुह्या पिशवीतला कचरा मले पाठवशील का?"

"कचरा? काऊन?"

"कॅमेऱ्याले दाखवाचा हाये. कापसात काय काय येते, ते त्याले शिकवाचं हाये."

मागून मंदाकाकूचा आवाज आला. "घ्या बाप्पा! पोट्टी पुण्याले शिकाले गेली अन् मागून राह्यली कचरा! तिथं भेटत नाई का वं?"

मग दर पंधरा दिवसांनी पाकीट यायला लागलं. बाबा जामला एका ओळखीच्या ड्रायव्हरकडे ते द्यायचे, तो नागपुरात पुण्याच्या ट्रॅव्हल्सवर चढवायचा. आत जुन्या कॅलेंडरच्या कागदाच्या छोट्या छोट्या पुड्या असायच्या. आई सातवी शिकलेली आहे. प्रत्येक पुडीवर तिने लिहिलेलं असायचं. 'पोत्याचा धागा.' 'साडीचा काठ, जांभळा.' 'पाखराचं पीस.' 'बाईचा केस, पांढरा. कापसात दिसत नाई, नीट पाह्यजो.' एकदा एका पुडीत लाल टिकली निघाली. वर लिहिलं होतं: 'मंदाची. मुद्दाम टाकली. माहा बी फोटू काढ म्हणते.' मी टिकलीचेही फोटो काढले. ते बाकीच्या फोटोंमध्येच ठेवले.

पाकीट उघडलं की कपडे धुवायच्या साबणाचा वास यायचा. मला तो घराचा वास वाटायचा. मी पुडी नाकाशी धरून बसायची आणि मग ती दिव्याखाली, कॅमेऱ्यासमोर मांडायची. इतकं बघणारी मी, पण त्या वासाचा अर्थ मला लागला नाही.

प्रयोगशाळेत कॅमेरा छान चालला. नागपूरहून मागवलेल्या कापसात मी आईचे धागे मिसळायची आणि पडद्यावर प्रत्येक धाग्याभोवती लाल चौकोन उमटायचा. सरांनी कापूस साफ करणारी यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीला हे सांगितलं. ते लोक म्हणाले, खऱ्या जिनिंगमध्ये चाचणी करून निकाल दाखवा. मला आत जाता येईल असं जिनिंग मला एकच माहीत होतं.

शेवटच्या वर्षी जानेवारीत मी कॅमेऱ्याची पेटी घेऊन घरी गेले. जिनिंगच्या शेठनी परवानगी दिली होती. सकाळी पट्ट्यापाशी पोचले तर सगळ्या बाया डोकं धुऊन, चांगल्या साड्या नेसून आलेल्या. कोणीतरी सांगितलं होतं की आज फोटो निघणार आहेत. मंदाकाकू टोपी तिरपी करून म्हणाली, "अशी चांगली दिसते का वं मॅडम? का सरळ करू?" मुकादम ओरडला, "चला चला, पेटीची परीक्षा हाये, तुमची नाई."

बायांनी हात मागे घेतले. मुकादमाने त्यांच्या त्याच सकाळच्या पिशव्यांमधून वीस वस्तू काढून पट्ट्यावर टाकल्या. कॅमेऱ्याला कचरा दिसला की दिवा लागायचा होता. पट्टा सुरू झाला. दिवा चार वेळा लागला. पुन्हा वीस टाकल्या, पुन्हा तेच. शेठ थोडा वेळ उभे राहिले, मग म्हणाले, "अजून शिका बेटा, मग आना," आणि ऑफिसात निघून गेले.

मी पडद्याकडे बघत बसले. पट्ट्यावरून जाणारा निळा धागा निळा नव्हताच. तो मातीचा, सुकलेल्या पानाचा रंग घेऊन आला होता. माझ्या फोटोंमधला निळा धागा निळाशार होता. मी आईला विचारलं, "तू पाठवलेलं असं नव्हतं ना?"

आई म्हणाली, "असं कसं पाठवू? धुऊन पाठवत होतो ना. कालेजात घान पाठवाची का?"

मंदाकाकूने कपाळावर हात मारला. "अन् मी सुपात वाळू घालत होती, कोंबड्या हाकलत! एक एक धागा वं माय!" त्यावर सगळ्या बाया हसल्या. टोप्या हलेपर्यंत हसल्या. मुकादमही हसला. "आपल्या डोयाची बरोबरी होते का पेटीले?" मंदाकाकू म्हणाली आणि सगळ्यांचे हात पुन्हा पट्ट्यावर आले. त्या खुशीत होत्या. मलाही हसू आलं. फक्त आई हसत नव्हती. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती.

संध्याकाळी ती अंगणात वांगी चिरत बसली होती. मी बाजूला बसले.

"मी धुतलं म्हून बिघडलं का?"

इथे मी नाही म्हणू शकले असते. कॅमेरा कमी पडला, प्रकाश कमी पडला, काहीही. पेटी बंद करून पुण्याला गेले असते, कसेबसे मार्क पडले असते, आणि पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना अजूनही बावीस टोप्या असत्या. मी आईकडे न बघता म्हटलं, "हाव."

तिने वांगं पाण्यात टाकलं. "मंग आता न धुता घे." थोड्या वेळाने विचारलं, "हे जमलं तर तुले नोकरी लागल?"

"लागल."

"अन् पट्ट्यावरच्या बाया?"

"आई, हा कालेजचा प्रोजेक्ट हाये फक्त."

कंपनीचे लोक निकालाची वाट बघत आहेत हे मला माहीत होतं. आईने पुढचं वांगं चिरायला घेतलं. तिने माझ्यावर विश्वास ठेवला की तिला सगळं कळलं, हे मी आजपर्यंत विचारलेलं नाही. आमच्या घरात तशी सवय नाही.

पुढचे आठ दिवस मी जिनिंगमध्येच होते. मळके धागे, मळकी पिसं, मळलेले केस यांचे नव्याने फोटो काढले. तरी कॅमेरा चुकतच होता, कारण मळलेली सुतळी आणि पुढच्या सफाईत आपोआप झडणारं कापसाचं सुकलेलं पान एकाच रंगाचे दिसतात. मी वैतागून बसले होते तेव्हा आई जेवणाच्या सुट्टीत माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. हात पदराला पुसत म्हणाली, "तू रंग पाहून राह्यली. रंग नको पाहू. पट्टा थरथरते ना? कापूस त्याच्यासंग डोलते. पान बी उडते. सुतळी नाई डोलत. ते पडून राह्यते. जे डोलत नाई ते उचलाचं."

वीस वर्षं ती असं बघत होती आणि तिने ते कोणाला सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं. मी कॅमेऱ्याला एकामागून एक दोन फोटो घेऊन त्यांच्यातला फरक बघायला शिकवलं. जे डोललं नाही ते शोध. शेवटच्या दिवशी मुकादमाने वीस वस्तू टाकल्या आणि दिवा अठरा वेळा लागला. या वेळी कोणी हसलं नाही. मंदाकाकू म्हणाली, "हुशार झाली वं तुही पेटी," आणि टोपी सरळ केली.

कंपनीने ते काम घेतलं आणि मलाही घेतलं. घरी मी एवढंच सांगितलं की नोकरी लागली. कुठे, कशाची, हे सांगताना मी इंग्रजी शब्द वापरले. आईने पट्ट्यावर पेढे वाटले. पहिला पेढा मंदाकाकूला दिला, असं तिने मला फोनवर सांगितलं.

पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला आमच्या कंपनीचं यंत्र आमच्या जिनिंगमध्ये बसलं. बसवायला मी गेले नाही. मला दुसऱ्या कामावर ठेवा असं मी कंपनीतल्या साहेबांना सांगून ठेवलं होतं. बाबांचा फोन आला. ते म्हणाले, "तुही पेटी आली इकडं. लय मोठी झाली." मग त्यांनी बाकीचं सांगितलं. बावीसमधल्या पाच बाया ठेवल्या. शेठनी आईला बोलावून सांगितलं, "तुम्ही ऱ्हा बाई. तुमच्या पोरीचं मशीन हाये." त्यांना ते मोठेपणाचं वाटलं असणार.

मंदाकाकूला ठेवलं नाही. ती दोन दिवस कापूस वेचायला गेली आणि तिसऱ्या दिवशी तिला उठता आलं नाही. महिन्याभराने तिची हिंगणीला दिलेली मुलगी आली आणि तिला घेऊन गेली. आता आमच्या भिंतीपलीकडच्या घराला कुलूप आहे. मी घर सोडलं तेव्हा मला पोचवायला दोन माणसं चौकात आली होती, मुकादमाने सूट दिली होती, कोणीतरी माझा धागा काढला होता. मंदाकाकूने घर सोडलं तेव्हा आई पाळीवर होती. तिला सूट मिळाली नाही. आता पाचच बाया आहेत, एक गेली तरी अडतं.

मी मंदाकाकूला हिंगणीला फोन केला. फोन हातात धरून किती वेळ बसले होते ते सांगत नाही. ती म्हणाली, "काय वं मॅडम. माही टिकली दिसते का आता तुह्या पेटीले?"

मी म्हटलं, "दिसते, काकू."

"मंग झालं," ती म्हणाली. मग तिकडे जंगलाजवळ थंडी फार असते, नातीला गोधडी शिवून राह्यली, असं काहीबाही सांगत राहिली. मी ऐकत राहिले. बोलत जाजो, असं आई म्हणाली होती. त्या दिवशी बोलायला हवं होतं आणि मला दोन्ही भाषांमध्ये एक वाक्य सापडलं नाही.

आई तक्रार करत नाही. विचारलं तर म्हणते, "बरं हाये. काम हलकं झालं." पण बाबांकडून कळतं. उन्हाळा सरला की बायांची टोळी निंदणाला जाते. जिनिंग बंद असतं तेव्हा आईसुद्धा त्या टोळीत जायची. या वर्षी तिला कोणी हाक मारली नाही. कोणी भांडलं नाही, टोमणा मारला नाही. सकाळी टोळी आमच्या दारावरून गेली आणि हाक आली नाही, इतकंच. आई तयार होऊन, विळा घेऊन, दारात उभी होती म्हणे.

मी आता पुण्याबाहेरच्या एमआयडीसीत एका खोलीत राहते. आमच्या वर्गातली बरीच मुलं अशीच आजूबाजूला विखुरली आहेत. भेटलो की गावाकडचं जेवण, गावाकडचं ऊन, यावर बोलतो. कोणी विचारलं की मी सांगते, घर जामला. पुढे सांगत नाही. माझ्या कपाटात एका डब्यात त्या कॅलेंडरच्या पुड्या आहेत. कॅमेऱ्यातून धुतलेल्या धाग्यांचे सगळे फोटो मी कधीच पुसून टाकले, चुकीची माहिती म्हणून. पुड्या टाकता आल्या नाहीत. शेतातल्या मातीत, बैलगाडीत, कापसाच्या गंजीत तुडवला गेलेला धागा माझ्यासाठी म्हणून कोणीतरी साबणाने धुतला, कोणीतरी कोंबड्या हाकलत वाळवला, आणि वर नाव लिहून पाठवला. असं पुन्हा कोणी माझ्यासाठी करणार नाही. घर म्हणताना मला तेच आठवतं, आणि ते मी यंत्रातून काढून टाकलेलं आहे.

परवा दिवाळीनंतर परत निघाले. आई जेवणाच्या सुट्टीत चौकात आली. डोक्यावर टोपी होती, पण भुवया स्वच्छ होत्या. ती आता यंत्राच्या शेवटी उभी असते, तिथे कापूस फारसा उडत नाही. तिच्यासमोर कोणी नसतं. बाबांनी व्हॅन हॉटेलाजवळ लावली. आम्ही तिघं उभे राहिलो. एसटी वळणावर दिसली. मला वाटलं ती म्हणेल, बोलत जाजो. ती म्हणाली नाही.

तिचं लक्ष माझ्या बाहीकडे गेलं. एक धागा सुटला होता. तिने तो दोन बोटांनी ओढून तोडला, आणि तिचा हात सवयीने कमरेकडे गेला. तिथे पिशवी नव्हती. यंत्र कचरा हवेने एका पेटीत उडवतं, पिशव्यांचं काम राहिलेलं नाही. तिचा हात तिथेच थांबला. मला वाटलं आता ती धागा सोडून देईल, चौक आहे, वारा आहे, कोण विचारतंय.

गाडी हलली तेव्हा मी मागच्या काचेतून पाहिलं. आई अजून उभी होती, आणि तिची मूठ मिटलेली होती.